पहिली मोटरसायकल, तीही जुनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न १०० ते १५० सीसीच्या सेकंडहँड मोटरसायकलबद्दल आहेत. गाडी महाराष्ट्रात घेऊन इथेच चालवायची, आणि यापूर्वी गिअरची गाडी हातात आलेली नाही, असा वाचक डोळ्यांसमोर आहे. इंजिनचं काम बरा मिस्त्री चार दिवसांत करून देतो. कागद अडले की महिने जातात. म्हणून कागदांबद्दल खाली जरा जास्तच लिहिलंय.

शिकायला जुनी गाडी घ्यावी की सरळ नवी?

जुनी. शिकताना गाडी एकदा तरी आडवी होतेच, बहुतेक वेळा उभ्या-उभ्या, यू टर्न घेताना. क्लचची लिव्हर वाकते, इंडिकेटर फुटतो, फूटरेस्ट मागे दबतो. जुन्या गाडीवर हे सगळं किरकोळात निभावतं. नवीवर पहिला ओरखडा पडला की पुढचे कितीतरी दिवस माणूस रस्त्याऐवजी टाकीकडे बघत गाडी चालवतो.

एक अपवाद आहे. नोकरीसाठी रोज जायचंय, ओळखीत गाडीतलं कळणारं कुणी नाही आणि भरवशाचा मिस्त्रीही नाही, तर हप्ते काढून नवी घ्या. त्यात कमीपणा नाही.

कोणती गाडी घेऊ?

स्प्लेंडर, पॅशन, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाईन. यादी कंटाळवाणी आहे, पण मुद्दाम तशी आहे. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, इंजिन ९७.२ सीसीचं, वजन ११२ किलोच्या आसपास. तिचा पार्ट तालुक्याच्या गावीच काय, आठवडी बाजाराच्या गावातही मिळतो आणि डोळे मिटून ती खोलणारा मिस्त्री दर फाट्यावर बसलेला असतो. नवख्याला आणखी काय हवं?

पल्सर १५० वाईट गाडी नाही, पण अंगाने जड आहे, आणि सेकंडहँड बाजारात येणारी पल्सर बऱ्याचदा कुणीतरी मनसोक्त पिळलेली असते. कॉलेजच्या पोराची पल्सर आणि प्राथमिक शिक्षकाची शाईन एकाच किमतीला मिळत असतील, तर गुरुजींची शाईन घ्या.

आरएक्स १०० चं नाव निघतंच, म्हणून सांगतो. ती १९९६ साली बंद झाली. आता तिची किंमत शौकीन लोक ठरवतात, रोज चालवणारे नाही. टू-स्ट्रोक इंजिन, फक्त किक, आणि अस्सल पार्ट शोधत फिरायचं. ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

कार्बोरेटरवाली बरी की बीएस-६?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम, लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्शनवाली थंडीत पटकन सुरू होते, चोक ओढायला लागत नाही. पण सेन्सर बिघडला तर स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागतं. कार्बोरेटर मात्र पाना आणि डबाभर पेट्रोल असलेला कोणीही साफ करून देतो. शहरात राहत असाल तर बीएस-६, आडगावात असाल तर जुनी चालेल.

ब्रेकचाही फरक आहे. एप्रिल २०१९ पासून विकलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस म्हणजे एकत्र लागणारे ब्रेक, तर त्यावरच्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झालं. बजेट थोडं ताणून २०१९ नंतरची मिळत असेल तर ताणा.

किती जुनी चालेल?

पाच ते आठ वर्षांची सर्वांत बरी. मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंद झाला असेल, तर हा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. जुन्या गाड्यांत मीटरची केबल काढून ठेवली की काटा थांबतो. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल आणि हँडलच्या मुठी बघा. मीटर १८ हजार दाखवतंय आणि पेडल झिजून गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

दिवसा उजेडी जा, आणि आधीच फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनजवळ हात न्या. गरम लागलं, तर थंड इंजिन सुरू होताना काय होतं ते तुम्हाला दिसू नये अशी कुणाची तरी इच्छा आहे. थोडा वेळ थांबा, चहा घ्या, गाडी गार होऊ द्या.

आता किक मारा. सेल्फ असला तरी किकच मारा. दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरट वाफ येते आणि थोड्या वेळात थांबते, त्याचं काही नाही. पिकअप दिल्यावर निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत आणि बोअर-पिस्टनचं काम निघणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तो कार्बोरेटरच्या सेटिंगने किंवा एअर फिल्टर बदलून सुटू शकतो. इंजिनच्या डोक्याकडून (हेडमधून) सतत खडखड येत असेल तर टायमिंग चेन तपासून घ्या.

मग इंजिन बंद करून डबल स्टँडवर लावा. कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा. मध्यावर येताना किंचित अडकल्यासारखं झालं, तर बॉलरेस, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेत. हे काम महाग नाही, पण घासाघीस करायला उपयोगी पडतं. मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळलं तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायचा आहे. शॉकअबच्या दांड्यावर तेलाची ओल दिसते का तेही बघा.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि पावसात धरत नाही.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. हँडलखाली, फ्रेमच्या गळ्यापाशी वेल्डिंगचा डाग किंवा ताज्या रंगाचा ठिपका दिसला, तर नमस्कार करून निघा. ती गाडी कुठेतरी जोरात आदळलेली आहे.

शेवटी चालवून बघा. अजून शिकत असाल तर लायसन्सवाल्या मित्राला चालवू द्या आणि मागून बघत राहा, दोन्ही चाकं एका रेषेत धावतात का. टॉप गिअरमध्ये पिकअप दिल्यावर आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, असं त्याने सांगितलं तर क्लच प्लेट संपल्या.

कागद कोणते बघायचे?

आरसी, विमा, पीयूसी आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र. आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे ना, हा पहिला प्रश्न. मग एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हवा. ‘हप्ते कधीच संपलेत, फक्त नोंद काढायची राहिलीय’ हे खरं असू शकतं, पण मग ती नोंद त्यालाच काढून आणू द्या आणि तोवर इसार अगदी किरकोळ द्या.

चॅसिस नंबर हँडलच्या गळ्यापाशी फ्रेमवर कोरलेला असतो. आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. मालकी बदलाच्या फॉर्मवर त्याची पेन्सिल-प्रिंट घ्यायची पद्धत आहेच, तेव्हा कागद-पेन्सिल सोबत नेलीत तर दोन्ही कामं होतात.

ई-चलनही तपासा. दंड गाडीच्या नंबरावर चढतो. पुण्या-मुंबईत चाललेल्या गाडीवर कधीकधी एवढी चलनं साचलेली असतात की किमतीचा हिशेबच बदलतो.

आणि नंबर पाटी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, बंधनकारक झाली आहे. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलेला आहे. पाटी बसवलेली नसेल तर आरटीओतली कामं अडतात, म्हणून व्यवहाराआधीच विकणाऱ्याकडून बसवून घ्या.

टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवली, नावावर सवडीने केली तर चालेल ना?

चालवतात खूप जण. चालवू नका. टीटी म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०; त्यांवर नुसती सही म्हणजे मालकी नव्हे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. सवड काढेपर्यंत विकणारा गाव बदलतो, नंबर बदलतो. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्याला विकणाऱ्याचा आधारचा ओटीपी लागतो; तो ओटीपी सांगायला माणूस जागेवर हवा. पैसे देताना, त्याच बैठकीत अर्ज भरून घेणं सगळ्यात सोपं.

विकणारा कंटाळा करत असेल तर त्याला एवढंच सांगा: नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. हे ऐकल्यावर कंटाळा सहसा जातो.

गाडी आजोबांच्या नावावर होती, ते वारले. काका देतो म्हणतायत.

काका प्रेमाने देत असतील, पण कागदावर ती अजून त्यांची नाही. आधी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लावून गाडी एका वारसाच्या नावावर करायची, मग तुमच्या. आत्या आणि धाकट्या काकांनाही आत्ताच विचारून ठेवा. जुन्या स्प्लेंडरवरून घरात अबोला धरलेली माणसं आहेत.

गोव्यात स्वस्त मिळतेय. आणू का?

आणता येते. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, घ्यायची, इथला रस्ता कर भरायचा आणि एमएच नंबर घ्यायचा. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवीन नोंदणी करावीच लागते. कर आणि खेपा धरल्यावर वाचलेले पैसे फारसे उरत नाहीत. तिथे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. आधी तशा धंद्यात राबलेली गाडी आहे का, हे आरसीवरून तपासा. रोज नवा हात लागलेल्या क्लचची अवस्था सांगायला नको.

विमा विकणाऱ्याचा चालू आहे, मग माझं काय?

१४ दिवसांत तो तुमच्या नावावर करायला विमा कंपनीकडे अर्ज द्या. सप्टेंबर २०१८ नंतर नवी घेतलेली गाडी असेल तर थर्ड पार्टी विमा (समोरच्याच्या नुकसानीचा) सुरुवातीलाच पाच वर्षांचा काढलेला असतो, त्यातली मुदत शिल्लक असू शकते. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, मात्र मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

विमा संपलेला असेल तर गाडी दारातून हलवण्याआधी काढा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचा वर्षाचा दर २०२२ साली ७१४ रुपये ठरला, कर वेगळा. एवढ्याशा पैशासाठी लोक बिनविम्याची गाडी फिरवतात, याचं खरंच आश्चर्य वाटतं.

लायसन्सचं काय? स्कूटीचं आहे माझ्याकडे.

ते बिनगिअरचं असेल तर मोटरसायकलला चालत नाही. गिअरच्या दुचाकीचा प्रकार त्यात वाढवून घ्यावा लागतो. लायसन्सच नसेल तर वयाची १८ पूर्ण झाल्यावर सारथी पोर्टलवरून शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, आणि मागे बसवायचं तर फक्त लायसन्सवाल्या शिकवणाऱ्याला.

चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला की गडबड. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, नजर पुढच्या वळणावर ठेवून सराव करा.

मुलगा सतराचा आहे, गावातल्या गावात चालवतो.

किल्ली काढून घ्या. अल्पवयीन मुलाने कायदा मोडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही, अशी तरतूद आहे.

गाडी घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

मागच्या मालकाने ‘परवाच सर्व्हिसिंग केलंय’ असं सांगितलेलं असतंच. तरी ऑइल बदला. स्प्लेंडरसारख्या गाडीला लिटरपेक्षा थोडं कमी लागतं. मोटरसायकलचंच फोर-टी ऑइल घाला. कारचं घातलं तर, क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असल्यामुळे, प्लेटा घसरू शकतात. एअर फिल्टर, प्लग, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, ब्रेक शू हे सगळं एकदाच बघून घ्या. चेनला साधारण दोन-तीन सेंटिमीटर ढील हवी. दर पाचशे किलोमीटरला आणि पावसात भिजली की तेल द्या.

टायरमधली हवा शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास. पंपावरचा पोऱ्या विचारत नाही, सरसकट भरतो. आकडा तुम्हीच सांगा.

क्लच सोडला की गाडी धक्का खाऊन बंद पडते.

सगळ्यांचीच पडते. मोकळं, सपाट मैदान शोधा किंवा सुट्टीच्या वारी एमआयडीसीतला रस्ता. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पिकअपला अजिबात हात लावू नका. क्लच पूर्ण दाबलेला. आता चारही बोटं लिव्हरवर ठेवून ती कणाकणाने सोडा. एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे सरकू बघते. तिथेच बोटं थांबवा. गाडी मुंगीच्या चालीने निघेल. पुन्हा दाबा, थांबा, पुन्हा सोडा. ही जागा बोटांना पाठ झाली की पिकअप त्यात मिसळायचा. उलट क्रमाने, म्हणजे आधी पिकअप पिळून मग क्लच सोडून शिकवणारे मित्र भेटतील. त्यांच्याकडून चहा घ्या, शिकवणी नको.

गिअर कुठे वर, कुठे खाली?

स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाडीत चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबून उतरतात. पल्सरसारखीत पहिला खाली, बाकी वर. घेताना विकणाऱ्याला विचारून घ्या. मित्राची वेगळ्या पद्धतीची गाडी पहिल्या महिन्यात चालवू नका, कारण घाईच्या वेळी पाय जुन्याच सवयीने पडतो.

पुढचा ब्रेक लावला की माणूस उलथतो म्हणतात.

हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा एकदम आवळून लावला तर गाडी घसरते, हे खरं. त्यावरून पुढच्या ब्रेकला हातच न लावणारी पिढी तयार झाली आणि ती मागचं चाक लॉक करून घसरत असते. ब्रेक लागताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवायची ताकद तिथेच जास्त असते. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत लावा. मैदानात ताशी वीसच्या वेगाने याचा सराव करा.

माझी उंची पाच फूट आहे, मुलगी आहे. जमेल का?

जमेल. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे. दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत असं नाही. डावा पाय पंजाभर टेकला आणि उजवा ब्रेकवर राहिला तरी पुरतं. सीटचा फोम कमी करून घेता येतो. घेण्याआधी चप्पल नव्हे, बूट घालून बसून बघा आणि बंद गाडी ढकलत अंगण फिरून या. वजन पेलतंय की नाही ते तिथेच कळतं. ‘तुला अ‍ॅक्टिव्हाच बरी’ म्हणणाऱ्या नातेवाईकांवर मात्र उपाय नाही.

हेल्मेट?

आयएसआय शिक्का असलेलंच. जून २०२१ पासून त्याशिवायचं विकायलाच मनाई आहे, तरी रस्त्याकडेला विकतात. डोक्यात घालून पट्टा लावा आणि मागून पुढे ढकला. निघालं तर मोठं आहे. मागे बसणाऱ्यालाही हवं. सेकंडहँड गाडी घ्या, सेकंडहँड हेल्मेट नको.

हायवेला, घाटात, पावसात कधी न्यायची?

आधी गावातली गर्दी सवयीची होऊ द्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे. मुंबईहून पुण्याला जुन्या रस्त्यानेच यायचं.

घाटात ज्या गिअरने चढला असता, त्याच गिअरने उतरा. कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे दिसतात. त्यांचे ड्रम ब्रेक अर्ध्या घाटात तापतात आणि मग धरत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते.

पावसाळ्यात पहिल्या सरी सर्वांत वाईट, रस्त्यावरचं ऑइल वर येतं. झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ब्रेक नको. आणि पश्चिम महाराष्ट्रात असाल तर ऊस हंगामात, दिवाळीपासून पुढे मार्चपर्यंत, रात्री गाडी काढायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली हेडलाइटच्या उजेडात येते तेव्हा अंतर फार थोडं उरलेलं असतं.

सकाळी सुरूच होत नाही. मिस्त्रीकडे नेऊ?

त्याआधी एवढं बघा: हँडलवरचा लाल किल स्विच बंद आहे का? पेट्रोलचा कॉक बंद आहे का, की रिझर्व्हला आलीय? कार्बोरेटरची असेल तर चोक ओढला का? प्लगची टोपी नीट बसलीय का? गाडी महिना-दीड महिना उभी होती का? हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा शिरतो, जुनं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत चिकट होऊन बसतं. वाटीखालचा स्क्रू सैल करून ते काढून टाका, स्क्रू आवळून ताजं येऊ द्या आणि मग किक मारा. तरी नाही झाली, तर ढकलत न्या, आणि काय-काय करून बघितलं ते मिस्त्रीला सांगा म्हणजे त्याचा वेळ वाचेल.